हरकतकाकांचं पोलंड

माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, तेव्हा पहिली आईने बुद्धमूर्तीपुढे ठेवली आणि दुसरी हरकतकाकांना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात उभे. हातात तीन कागद. वर ठळक अक्षरांत, विषय: आपल्या कन्येच्या विवाहपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेल्या नकाशाबाबत हरकत.

पत्रिकेच्या मागे हॉलचा नकाशा होता, आणि छापखान्यातल्या कुणीतरी उत्तरेचा बाण शोभेसाठी काढल्यासारखा शिवडीच्या दिशेने काढला होता. काकांचं म्हणणं असं, की नवरदेवाकडची मंडळी ठाण्याहून येणार, त्यांना इथलं काही ठाऊक नाही, ती बिचारी बाणावर विश्वास ठेवतील आणि ऐन मुहूर्ताला खाडीच्या चिखलात उभी असतील. बाबांनी मुकाट्याने तिसऱ्या प्रतीवर 'मिळाले' लिहून सही केली. मग काकांनी सगळ्या पत्रिका घरी नेल्या आणि दोन दिवस बसून प्रत्येकीवरचा बाण काळ्या शाईने दुरुस्त केला. लग्नाला सगळे वेळेवर पोचले. जेवणाच्या पंगतीत बाबा म्हणाले, "सगळं कसं सुरळीत झालं!" काका पापड मोडत म्हणाले, "बाण."

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते या लेखावरही हरकत घेतील, आणि तीन प्रतींची पोच मला द्यावी लागेल. तशी ती ते घेणारच आहेत म्हणा. आता ते मुलाकडे बदलापूरला राहतात, चाळीच्या जागी नव्या बांधकामाचे पत्रे लागलेत, पण वाचन चालू आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत ते दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत राहायचे. गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात ते ट्रेसर होते, म्हणजे साहेबांनी काढलेली यंत्रांची चित्रं पारदर्शक कागदावर शाईने उतरवून घेण्याचं काम. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एकदोन आर्किटेक्टांकडे तेच केलं, आणि कॉम्प्युटर आल्यावर त्यांच्याकडे पेन उरलं, काम उरलं नाही. पण चाळीच्या मते हरकती घेणं हेच त्यांचं मूळ काम होतं आणि ट्रेसिंग जोडधंदा.

रस्त्याची आखणी, गटाराचा उतार, बसथांब्याची जागा, वर्तमानपत्रात 'सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत' असं कुठेही दिसलं, की काकांच्या घरी कार्बन पेपर निघायचा. चाळीत गणपतीच्या मांडवाचा नकाशा तेच काढायचे, चौदा एप्रिलच्या मांडवाचाही तेच काढायचे, आणि दोन्ही नकाशांवर पहिली हरकतही तेच घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "काका, तुम्हाला भांडायला आवडतं ना?" त्यांना खरंच वाईट वाटलं. "अगं, हरकत म्हणजे भांडण नव्हे. भांडणाला दोन माणसं लागतात. हरकतीला तीन प्रती लागतात."

या सगळ्या हरकतींच्या पोचा त्यांच्याकडे होत्या. लोखंडी ट्रंकेत, सालवार. उत्तर मात्र एकाही हरकतीला आलेलं नव्हतं.

पोलंड त्यांच्या आयुष्यात खोक्यातून आलं. गिरणीत कधीतरी तिकडून एक यंत्र आलं, त्याच्या लाकडी पेटीला आतून रद्दी कागदाचं अस्तर होतं, आणि त्या रद्दीत एक छापील नकाशा होता. बाकीच्यांनी यंत्र बघितलं. काकांनी कागद सोडवून घेतला, घरी नेला, काकूंच्या इस्त्रीने सरळ केला आणि भिंतीवर लावला. पोलंडमधली एक ग्रामपंचायत. बारा-चौदा गावं, एक छोटी नदी, पाइनचं जंगल, रेताड जमीन. ग्रामपंचायतीचं नावही मी लिहीत नाही, कारण ते कसं लिहावं याबद्दल काकांची एक वेगळी फाइल आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत मोकळी भिंत एकच. तिथे काकूंना डब्यांसाठी फळी ठोकायची होती. फळी राहिली ती राहिलीच. काकू सावंतवाडीकडच्या. घरात कुणी पाहुणा आला, की त्या नकाशाकडे हात करून ओळख करून द्यायच्या, "ह्या पोलंडान माझे डबे भुंयार आणल्यान!" डबे खरंच जमिनीवर ओळीने मांडलेले असायचे, त्यामुळे पाहुण्याला समजायला वेळ लागत नसे.

नकाशा रद्दीत का गेला, तेही काकांनी शोधून काढलं, फक्त थोडा उशीर झाला. छापताना निळा रंग सरकला होता, त्यामुळे नदी दरीतून न वाहता शेजारच्या टेकडीवरून वाहत होती. काकांचा छापील कागदावर फार विश्वास. नदी चढावर कशी जाते, याचा त्यांनी कितीतरी वर्षं विचार केला. हिमनदीने आणून टाकलेली रेती, खालचे झरे, वाऱ्याचा दाब, सगळी कारणं लावून पाहिली. शेवटी माझ्याकडे पहिला बरा फोन आला तेव्हा मी त्यांना वरून काढलेलं चित्र दाखवलं. नदी गुपचूप खालून वाहत होती. काका फोन भिंतीवरच्या नकाशाशेजारी धरून म्हणाले, "छपाईचा दोष. मला संशय होताच."

त्याच फोनवर मी त्यांना त्या ग्रामपंचायतीची वेबसाइट उघडून दिली, आणि ही माझी चूक झाली. भाषांतर करणारं बटण दाबलं की पोलिश मजकूर मोडक्यातोडक्या मराठीत यायचा. काका रोज सकाळी चहाबरोबर ती वाचायला लागले. कुठल्या गावात कुत्रा हरवला, कुठल्या शाळेचं छप्पर गळतं, कुठे बटाट्याला कीड लागली, सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्या चाळीत कचऱ्याची गाडी कधी येते ते कुणालाच नक्की ठाऊक नसे, पण तिकडे कुठल्या वारी काचेच्या बाटल्या उचलतात, ते दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळाचे अध्यक्ष ऑफिसला जाताना जिन्यात विचारायचे, "काय काका, पोलंडात काय सीन आहे?" आणि काका गंभीरपणे सांगायचे, "ओढ्याला पाणी वाढलंय. पलीकडच्या गावाचा रस्ता बंद."

तिथल्या वारशाबद्दल ते बोलायला लागले, की हातातलं काम ठेवावं लागे. लाकडाच्या कौलांचं चर्च. एका खांबावर अख्खी फिरणारी लाकडी पवनचक्की. रस्त्याच्या वळणावळणावर देवाच्या छोट्या घुमट्या, आपल्या कोकणात असतात तशाच. प्रत्येक गावात स्वयंसेवकांचं अग्निशमन दल, त्यांचा बँड, त्यांचा गणवेश, वर्षातून एकदा त्यांचं जेवण. "म्हणजे आपलं मंडळच," काका म्हणायचे, "फक्त ते आग विझवतात."

आणि दोन गावांना जोडणारा एक रस्ता, दोन्ही बाजूंनी लिंडनची जुनी झाडं. ती झाडं ज्यांनी लावली ती माणसं आता तिथे नाहीत. महायुद्धानंतर सीमा सरकल्या, तिथले जर्मन बोलणारे लोक निघून गेले, आणि आणखी पूर्वेकडून हुसकलेले लोक येऊन त्या घरांत राहिले. जुन्यांची दफनभूमी तेवढी राहिली, त्याच रस्त्यालगत. हे सांगताना काका खिडकीतून बाहेर बघत. बाहेर गिरणीच्या जागेवरचा टॉवर होता, त्यात माझं ऑफिस. मला उगाच ओशाळल्यासारखं होई.

एका वर्षी त्यांनी मंडळाकडून गणपतीसमोर पोलंडचा देखावा करवून घेतला. मीटिंगला लेखी प्रस्ताव आणणारे ते एकटेच होते, त्यामुळे नाही म्हणायला कुणाकडे कागद नव्हता. आइसक्रीमच्या काड्यांचं छप्पर केलेलं चर्च झालं, टेबलफॅनच्या मोटरवर पवनचक्की फिरली, आणि घरांच्या धुराड्यांवर करकोच्यांची घरटी बसवली. करकोचे काळेपांढरे हवे होते. पण मागच्या गल्लीतल्या पेंटरने आयुष्यात लांब पायांचा पक्षी बघितला होता तो शिवडीच्या खाडीत, फ्लेमिंगो. त्याने सगळे करकोचे गुलाबी करून टाकले.

काकांनी तीन प्रतींत हरकत घेतली. पेंटर म्हणाला, "काका, पांढरा पक्षी लाइटमध्ये मरतो. गुलाबी उठतो." अध्यक्ष म्हणाले, "जाऊ दे ना काका, बाप्पाला काय प्रॉब्लेम आहे?" लोकांना देखावा बेफाम आवडला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "ही शिवडी का हो?" काका दहा दिवस मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येकाला सांगत राहिले, "हे पोलंड आहे. ते करकोचे आहेत. रंगाबाबत हरकत नोंदवलेली आहे."

आम्ही हसायचो. मीही हसायचे. पण काकांना सुनावणीसाठी तोवर एकदाच बोलावणं आलं होतं, आणि त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून माझं हसू इतरांपेक्षा जरा लवकर थांबायचं.

आमच्या कोपऱ्यावर एक जुनी दगडी पाणपोई होती. पाणी कधीच आटलेलं, पण पाळी सुटल्यावर गिरणीतले लोक तिथे ओंजळीने प्यायचे, अशी तिची ख्याती. फुटपाथच्या कामात ती जाणार होती. काकांची मागणी एवढीच, की ती तीन फूट मागे सरकवा. त्यांनी दगडांना नंबर घातलेलं सुंदर चित्र काढून दिलं होतं, कुठला दगड आधी काढायचा, कुठला नंतर. सुनावणीला अकराचं बोलावणं होतं. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. काकांनी धुवट कोट घातला होता. मी कॉलेज बुडवून चित्राची गुंडाळी धरायला गेले होते. आमचा नंबर साडेचारला लागला. साहेबांनी फाइल उघडली आणि काकांनी, आयुष्यभर दुसऱ्याची चित्रं उतरवलेली असल्यामुळे, ती उलट्या बाजूने सहज वाचली. कागदावर आधीच टाइप केलेलं होतं, 'हरकतदाराचे म्हणणे ऐकून घेतले. तथ्य आढळून येत नाही.' काकांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. साहेब म्हणाले, "बोला." काका म्हणाले, "आता काय बोलू?" आणि आम्ही घरी आलो. चित्र उघडलंच नाही. पुढच्या आठवड्यात पाणपोई नव्हती.

त्यानंतरही त्यांनी हरकती घेणं थांबवलं नाही. फक्त शेवटी एक मुद्दा कायमचा वाढला. 'निर्णय काहीही होवो, कारण कळवावे.'

एका उन्हाळ्यात शनिवारी सकाळी काका माझ्या दारात आले. लग्नानंतरही मी त्याच चाळीत, तळमजल्यावर होते. चेहरा असा, की मला वाटलं काकूंना काही झालं. त्यांनी फोन पुढे केला. ग्रामपंचायतीची नोटीस होती. लिंडनच्या झाडांचा तो रस्ता रुंद करणार होते. नवा आराखडा, एकवीस दिवसांची मुदत. आणि त्याखाली त्या मोडक्या मराठीत एक ओळ, 'आराखड्यावर कोणीही हरकत सादर करू शकतो.'

"कोणीही," काका म्हणाले.

"काका, कोणीही म्हणजे तिथलं कोणीही."

"तसं लिहिलेलं नाही."

मी पोलिश शब्द कोशात बघितला, त्यांच्या कायद्याची माहिती शोधली. काकांचं बरोबर होतं. कोणीही म्हणजे कोणीही. रहिवासी असायची अट नव्हती.

अकरा मुद्दे झाले. पहिला असा: 'मी आपल्या ग्रामपंचायतीचा रहिवासी नाही आणि तेथे कधी आलेलो नाही, हे सुरुवातीलाच मान्य करतो.' पाचवा दफनभूमीच्या फाटकाचा, रस्ता रुंद झाला तर ते जाईल असा. सातवा मुद्दा एका वळणावरच्या घुमटीचा. भिंतीवरच्या जुन्या नकाशात तिथे एक बारीक खूण होती आणि नवी रेषा बरोबर तिच्यावरून जात होती. अकरावा तुम्हाला ठाऊकच आहे.

भाषांतराचं काम माझ्याकडे. मशिनने केलेलं पोलिश काका परत मराठी करून तपासायचे आणि मशिनवर हरकत घ्यायचे. "यात 'सविनय' कुठे गेलं? सविनयशिवाय हरकत म्हणजे शिवीगाळ." पाच संध्याकाळी यात गेल्या. माझा नवरा मला म्हणाला, "तू हे सीरियसली पाठवणारेस?" खरं सांगायचं तर मी पाठवणार नव्हते. पाठवलं म्हणून सांगायचं आणि विषय संपवायचा, असं मी ठरवलं होतं. लांबच्या देशातल्या लोकांनी काकांना हसावं हे मला नको होतं. आम्ही हसतो ते वेगळं. पण पाठवायचं बटण न दाबता कॉम्प्युटर बंद करताना तो अकरावा मुद्दा पुन्हा डोळ्यांसमोर आला, आणि तो न पाठवणारी मी दुसरी साहेब होईन, असं वाटलं. मी बटण दाबलं.

सोमवारी दुपारी पोच आली. नंबरासहित. खाली कळवलं होतं, की अमुक तारखेला जाहीर चर्चा आहे, गावाच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, आणि ऑनलाइन सहभागी होता येईल. चर्चा पोलिशमध्ये होईल, पण शाळेच्या इंग्रजीच्या बाई मदतीला असतील. काकांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खाली बसले.

तिकडची सकाळ म्हणजे आपली टळटळीत दुपार. मी अर्धी रजा टाकली. स्टुलावर लॅपटॉप, मागे भिंतीवर नकाशा, काकांच्या अंगात तोच कोट. दाराशी गॅलरीत अर्धी चाळ. काकू नेमक्या त्याच वेळी डंखाच्या गिरणीवरून मसाला कुटून घेऊन आल्या, गरम डबा मधोमध ठेवला, आणि सुनावणीच्या सुरुवातीला लालबागकडून आठ-दहा शिंका गेल्या.

पडद्यावर हॉल दिसला. पंधरा-वीस माणसं, बहुतेक म्हातारी. मधोमध चष्मा लावलेल्या सरपंचबाई. अध्यक्षांनी मागून डोकं घालून "गणपती बाप्पा मोरया!" केलं, आणि सरपंचबाईंनी न समजून हात हलवला. मी इंग्रजीत बोलायचे, तिकडच्या बाई पोलिशमध्ये. सरपंचबाई पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "तुमचे अकरा मुद्दे आम्ही सगळ्यांनी वाचलेत. बोलायला किती वेळ हवा?"

मी काकांना मराठीत सांगितलं. त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "दहा मिनिटं पुरतील म्हणावं. सविनय."

पण त्याआधीच मागच्या रांगेतून टोपी घातलेले एक आजोबा उठले आणि तावातावाने काहीतरी बोलले. तिकडच्या बाई जरा अवघडून म्हणाल्या, ते विचारतायत, या गृहस्थांचा आमच्या रस्त्याशी संबंध काय? खरं तर हाच प्रश्न आम्ही सगळे कितीतरी वर्षं मनात धरून होतो.

काका म्हणाले, "संबंध काही नाही. नोटिशीत 'कोणीही' लिहिलंय. मी कोणीही आहे." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. काकाही हसले आणि मग बोलायला लागले. "ही झाडं ज्यांनी लावली, ते हरकत घ्यायला तिथे नाहीत. त्यांना नोटीसही गेली नसेल, पत्ता कुणाला ठाऊक? मी जिथे राहतो तिथलीही पुष्कळ माणसं उठून गेली. त्यांचं म्हणून जे होतं, ते काढताना त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून म्हटलं, तिकडे त्यांच्या वतीने निदान एकाने विचारावं. एवढंच. आता मुद्दा दोन."

पुढचे मुद्दे त्यांनी पट्टी धरून आखल्यासारखे सांगितले. दहा मिनिटांना अर्धं मिनिट राहिलं असताना संपवलं. मग ते टोपीवाले आजोबा पुन्हा उभे राहिले. माझी आई युद्धानंतर एक गाय घेऊन इथे आली, ते म्हणाले. जे घर मिळालं, त्यात दुसऱ्या कुणाचे तरी चमचे होते.

काकांनी मला विचारायला लावलं, "चमचे अजून आहेत?"

"आहेत," आजोबा म्हणाले. "रोज वापरतो."

काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पदराने नाक पुसलं. मसाल्यामुळे असेल.

नंतर सहा-सात आठवडे काही नाही. काका रोज वेबसाइट बघायचे आणि आम्हाला फक्त कचऱ्याचे वार सांगायचे. त्या दिवसांत त्यांनी इथे एकही हरकत घेतली नाही. आमच्या चाळीसमोर चुकीच्या जागी वेग कमी करायचा उंचवटा झाला, तरी नाही. मला काळजी वाटायला लागली. मीच तो कागद पाठवला होता. तिकडूनही 'ऐकून घेतले' एवढंच आलं असतं, तर ट्रंकेला कुलूप लागलं असतं हे मला दिसत होतं.

उत्तर आलं ते नऊ पानांचं. मी ऑफिसात छापून घेतलं आणि पळत चाळीत आले. तक्ता होता. एका रकान्यात काकांचा मुद्दा, जसाच्या तसा, एक शब्द न गाळता. दुसऱ्यात निर्णय. तिसऱ्यात कारण. मी वाचायला लागले. पहिला मुद्दा, नोंद घेतली. दुसरा, नामंजूर, आणि खाली अर्धं पान कारण. तिसरा, नामंजूर, रुग्णवाहिका आणि शाळेची बस समोरासमोर आली तर एकीला मागे जावं लागतं, म्हणून झाडांची एक रांग जाईल, दुसरी राहील. काका डोळे मिटून ऐकत होते. "एक रांग," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कारण बरोबर आहे. मला वाईट वाटतंय, पण बरोबर आहे." पाचवा, नामंजूर, कारण फाटकाला धक्का लागत नाही, सोबत फोटो. फोटोत फाटकाशेजारी माप धरून एक माणूस उभा होता. काकांनी फोटो खिडकीशी नेला. "अगं, हा माणूस मोजायला गेला होता," ते मला म्हणाले. "माझं वाचून गेला होता."

सातवा मुद्दा मंजूर होता. कारणात लिहिलं होतं, की आमच्या नोंदवहीत त्या वळणावर कुठलीही घुमटी नाही. तरी हरकत आल्यामुळे अग्निशमन दलाचे लोक शनिवारी तिथे गेले, खाजऱ्या झुडपांचं रान कापलं, आणि खाली दगडी चौथरा सापडला. रस्त्याची रेषा तिथे दीड मीटर सरकवली आहे.

गॅलरीत टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शिट्टी मारली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"थांबा," मी म्हटलं, "खाली अजून आहे." शेवटची ओळ होती: 'अग्निशमन दल ही घुमटी पुन्हा उभी करणार आहे. तिथे पूर्वी काय होते, हे गावात कुणालाही आठवत नाही. आता तिथे काय असावे, याबद्दल हरकतदारांनी आपले मत कळवावे, ही विनंती.'

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. अध्यक्ष म्हणाले, "बाप्पा! मूर्ती आपण पाठवू, इकोफ्रेंडली." माझे बाबा म्हणाले, त्यापेक्षा शांत बसलेला बुद्ध बरा, तिकडे थंडीतही शोभेल. पेंटर म्हणाला, करकोचा बसवा, मी करून देतो. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी साईबाबा सुचवले. काकांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि दार लोटून घेतलं. आत ते, काकू आणि मी.

ते टेबलाशी बसले. काकूंनी विचारलं, "काय झाला? असे काय बसलास?"

"अगो, त्यांनी मला विचारलंय," काका म्हणाले.

"काय इचारल्यानी?"

"माझं मत."

काकूंनी जमिनीवरच्या डब्यांपैकी एक उचलला आणि पुसत म्हणाल्या, "मगे सांगा मां! माका तर रोज न इचारता सांगतास."

काकांनी कोरा कागद घेतला. कार्बन लावायला विसरले. वर 'विषय:' लिहिलं आणि पेन हातात धरून दिवेलागणीपर्यंत तसेच बसून राहिले.